अख्ख्या गावाचा ओटीपी

चाकणची नोकरी सोडून गावात परत आलो तवा सगळ्यायनं मले येड्यात काढलं. कंपनीची बस, कंपनीचं जेवण, गळ्यात ओळखपत्राचा पट्टा. हे सोडून कोणी येरमटोल्याले येते का?

मी आलो. कारण फिनलंडच्या एका लहानशा कंपनीनं मले इथीच काम देतो म्हणलं होतं. इथी म्हणजे माह्या गावात, भामरागडच्या जंगलात. मले आणखी काय पायजे?

मी काई इंजिनियर नाई. बारावीले एकदा नापास, मंग पास. मोबाईल खोलणं, जोडणं, रेडिओचं सर्किट वाचणं, सगळं व्हिडिओ पाहून शिकलो. इंग्रजीबी तशीच. या कंपनीच्या साईटवर मी एक प्रश्न टाकला होता, का तुमचा डबा सागाच्या दाट जंगलात किती दूर बोलन? हेल्मी नावाच्या बाईनं उत्तर देल्लं, का मले माहीत नाई, तूच सांग. तिथून आमची ओळख झाली.

डबा म्हणजे साबणाच्या वडीपेक्षा थोडा मोठा. झाडाले बांधायचा. एक डबा दुसऱ्याले निरोप देते, दुसरा तिसऱ्याले, असं करत करत निरोप नदीच्या पलीकडं. टावर नको, सिम नको, रिचार्ज नको. त्याईच्या देशात मोठ्या शिंगाची हरणं पाळतेत, अन् त्याईच्या मागं जंगलात फिरणाऱ्या लोकायसाठी हे बनवलं होतं. आमच्या गावात हरणं कोणी पाळत नाई. पण टावर आमच्याकडंबी नाई. फोन लावायचा त टेकडी चढा, अन् वर जाऊन एका पायावर उभे राहा.

ठरलं असं होतं. कंपनी डबे पाठवन, मी ते झाडावर लावीन, वर्षभर सांभाळीन, अन् त्याचा मले पगार. डबे निघाले. विमानात बसले. नागपूरले उतरले.

अन् तिथीच अटकले.

हेल्मी स्वतः नागपूरले आली होती. तिचा फोन आला तवा मी टेकडीवरच होतो.

"बिरजू, कस्टमवाले सोडत नाहीत."

"काऊन?"

काऊन ते ऐका. हवेतून बोलणारी वस्तू बाहेरच्या देशातून आणायची त दिल्लीची मंजुरी लागते. ती कोणत्या फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्यात बोलते, किती जोरात बोलते, लॅबनं तपासली का, हे सगळं दाखवा लागते. हे कागद हेल्मीकडं होते. आमचे डबे ज्या पट्ट्यात बोलतेत तो भारतात खुला हाये, वापरणाऱ्याले वेगळं लायसन लागत नाई. पण मंजुरीचा अर्ज बाहेरची कंपनी स्वतः करू शकत नाई. तिचा इथी एक प्रतिनिधी पायजे. इथला पत्ता, इथला पॅन, इथला मोबाईल नंबर. काई उलटंसुलटं झालं त सरकार ज्याले पकडन असा कोणीतरी.

हे शेवटचं वाक्य माह्यं हाये, सरकारचं नाई. पण पुढं सगळी गंमत त्याच वाक्यानं केली.

हेल्मी म्हणाली, "दिल्लीचा एक एजंट तयार आहे. पण मंजुरी त्याच्या नावावर निघेल. उद्या तो म्हणाला की माझ्याशिवाय डबे आणायचे नाहीत, तर आम्ही काय करणार? त्यापेक्षा तूच हो ना आमचा प्रतिनिधी."

मले त आनंदानं टेकडीवरून उडीच माराविशी वाटली. बिरजू, फिनलंडच्या कंपनीचा भारतातला प्रतिनिधी! चाकणच्या सुपरवायजरले फोटो पाठवायचा इचार पण केला.

"पण लवकर," हेल्मी म्हणाली. "माल फार दिवस ठेवत नाहीत. परत गेला तर माझा बॉस दुसऱ्यांदा पाठवणार नाही. तो आधीच म्हणतो, दुसऱ्या देशात करू."

माल परत म्हणजे मीबी परत. चाकणले. तेवढं मले समजलं.

घरी येऊन बुधरी आत्याले सांगतलं. आत्या म्हणजे माह्या बापाची मोठी बहीण. माय गेल्यावर तिनंच मले वाढवलं. ती मोहाच्या फुलाचं टोपलं पसरत होती. तिनं मान वर न करता इचारलं, "सही कोण करन?"

"मी."

"एकटा?"

"मंग काय बँड लावू?"

"गावात इचारलं का?"

झालं. आमच्या गावात हा प्रश्न कोणी इचारला का पुढचा रस्ता एकच, सभा.

आमची ग्रामसभा म्हणजे नुसती बैठक नाई. आमच्या जंगलाचा तेंदूपत्ता आम्हीच लिलाव करून विकतो. सभेचा पॅन हाये, बँकेत खातं हाये. अन् एक रीत हाये. हात वर करून मत मोजायचं नाई. सगळे हाव म्हणाले तरच हाव. एक जरी नाई म्हणाला त परत बसायचं. बांबूच्या वेळी असेच बसलो होतो, ठेकेदार जीपमध्ये झोपून गेला.

हेल्मीले मी फोनवर म्हणलं, तू ये, तू समोर असली त लवकर होईन. ती नागपूरहून चंद्रपूर, चंद्रपूरहून आलापल्ली, तिथून पुढं आमच्या गावच्या सुकलूच्या पिकअपमध्ये, अशी धुळीनं लाल होऊन आली. सभेत चटईवर बसली. सगळ्यायले जोहार केला. बायकाईले ते आवडलं.

पोचू भाऊ आमचे सभेचे अध्यक्ष. ते म्हणाले, "बिरजू, सांग काय हाये ते."

मी सांगतलं. डबे, दिल्ली, मंजुरी, प्रतिनिधी. अर्धं गोंडीत, अर्धं मराठीत. मले वाटलं मस्त सांगतलं.

बुधरी आत्या उभी झाली. "म्हणजे वायरलेसच न?"

सगळ्यायच्या माना माह्याकडं वळल्या.

आता बाहेरच्या माणसाले हे समजणार नाई. आमच्या भागात वायरलेस घेऊन फिरणारे दोनच प्रकारचे लोक पाहिले आम्ही. एक पोलीस. दुसरे जंगलातले. तिसऱ्या कोणाजवळ वायरलेस दिसला त दोघंबी येऊन इचारत, तू कोणाचा? आता तसं राह्यलं नाई. पण लोक विसरले नाईत.

"आत्या, हा तसा वायरलेस नाई. याच्यात बोलताबी येत नाई. तीन बटनं हायेत. दाबलं का निरोप जाते."

"तीन असो का तीस. कागदावर नाव कोणाचं? तुह्यं. उद्या कोणी आलं अन् म्हणलं का हे वायरलेस कोणाचे, त कोणाले नेतीन? कंपनीले न्याले फिनलंडले जातीन का?"

लोक हासले. मी नाई हासलो.

"माह्यं त नाई," आत्या म्हणाली. अन् खाली बसली.

मले सांगा, माह्या नोकरीवर माह्या घरातूनच नाई! मी म्हणलं, "आत्या, तूच म्हणत होती न का पोरगं घरी राह्यलं पायजे?"

"घरी राह्यलं पायजे. ठाण्यात नाई."

हेल्मी मले इचारत होती, काय झालं, काय म्हणाल्या. मी खरं खरं सांगतलं. मले वाटलं तिले राग येईन. तिनं मान डोलवली अन् म्हणाली, "बरोबर बोलतात त्या."

मी मनात म्हणलं, घ्या. माह्या बाजूनं कोणीच नाई.

मंग आत्यानंच हेल्मीले इचारलं, मले मधात घालून, "इचार त्या बाईले, तिच्या गावच्या जंगलात मोहा हाये का?"

"मोहा नाही," हेल्मी म्हणाली. "पण बोरांसारखी लहान निळी फळं असतात. आम्ही सगळे वेचतो. बादल्या भरभरून."

"वेचाले परवाना कोण देते?"

"परवाना लागत नाही."

"फॉरेस्टवाला?"

"तो पण वेचतो."

हे मी गोंडीत सांगतलं अन् सभेत असा गलका झाला का कुत्रे भुंकाले लागले. पोचू भाऊच्या बायकोनं तर इचारलं का तिथी सून पायजे का कोणाले. आत्या तोंडावर पदर घेऊन हासत होती. आमच्या मायमावश्याईनं मोहाच्या टोपल्यासाठी, सरपणाच्या मोळीसाठी किती लपणं-छपणं केलं, फॉरेस्टवाल्याईले किती कोंबड्या देल्ल्या. जंगलाचा हक्क कागदावर भेटला तो आत्ता आत्ता.

"अन् बोलाले परवाना लागते का तिथी?" आत्यानं इचारलं.

"हवेतून बोलायचे नियम आहेत. तिथेही आहेत," हेल्मी म्हणाली. "ते बरे असतात. नाहीतर सगळे एकमेकांवर बोलतील, कोणालाच ऐकू येणार नाही."

"सभेसारखं," पोचू भाऊ म्हणाले.

आत्यानं पदर खोचला. मंग परत उभी झाली. आता काय बाप्पा, मी म्हणलं.

"त मंग असं करा. बिरजूची सही नाई. सभेची सही. तेंदूचा करार सभा करते, बांबूचा सभा करते, मंग याचा काऊन नाई? पकडायचं त सगळ्या गावाले पकडा. ठाण्यात तेवढ्यायले बसाले जागा हाये का पाहू."

एवढं बोलली अन् सभेनं पयल्यांदाच एका आवाजात म्हणलं, हाव!

हेल्मीनं टेकडीवर जाऊन बॉसले फोन केला. मी बाजूलेच होतो. बॉस इंग्रजीतच बोलत होता, आवाज बाहेर ऐकू येत होता.

"प्रतिनिधी कोण?"

"गाव."

"गावातला कोण?"

"गावातले सगळे."

मंग तो म्हणाला, "पॅन आहे?" हेल्मी म्हणाली, आहे. "बँक खातं?" आहे. तो म्हणाला, "मग माझ्यापेक्षा बरं चाललंय त्यांचं."

अर्ज ऑनलाईन भरायचा होता. त्यासाठी आलापल्लीले जाणं आलं. मी म्हणलं, मी अन् हेल्मी जातो, पोचू भाऊले घेतो, झालं. पण सभा म्हणाली, सही सगळ्यायची हाये त सगळेच जाऊ. सगळे शक्य नव्हतं, मंग घरटी एक माणूस ठरलं. सुकलूचा पिकअप भरला. आत्या पुढं, डायवरच्या बाजूले, टोपलीत शिदोरी घेऊन. हेल्मी मागं उभी, पाइप पकडून, बायकाईच्या मधात.

आलापल्लीत दिनेशचं नेट कॅफे हाये. दोन कम्प्युटर, एक झेरॉक्स, एक पंखा. आम्ही उतरलो त तो बाहेर आला.

"काऊन बे बिरजू, वरात कोणाची? नवरी गोरी हाये म्हणते लोक!"

"चूप बस. अर्ज भरायचा हाये."

"एका अर्जाले एवढे लोक?"

"अर्जदारच एवढे हायेत."

भराले बसलो. कंपनीचं नाव, डब्याचं मॉडेल, पट्टा, ताकद, लॅबचा रिपोर्ट. मंग आलं, अर्जदाराचा प्रकार. यादी उघडली त त्यात ग्रामसभा नव्हती. दिनेश म्हणाला, कंपनी टाक. मी म्हणलं, आपण कंपनी नाई. तो म्हणाला, व्यक्ती टाक. आत्या मागून म्हणाली, "व्यक्ती नाई!" यादीच्या शेवटी 'इतर' होतं. आम्ही इतर झालो.

मंग मोबाईल नंबर. सभेचा नंबर म्हणजे पोचू भाऊचा साधा बटनवाला फोन. नंबर टाकला. टुंग वाजलं. ओटीपी आला.

"भाऊ, सांगा आकडा."

पोचू भाऊनं फोन छातीले लावला. "नाई."

"भाऊ!"

"बँकेच्या म्यानेजरनं सभेत येऊन सांगतलं होतं, ओटीपी कोणालेच सांगायचा नाई. बापालेबी नाई."

"पण हा आपणच मांगतला!"

"मंग सभेले इचारतो."

अन् खरोखर भाऊ फोन घेऊन बाहेर गेले. बाहेर लिंबाखाली सगळे बसले होते. भाऊनं इचारलं, "आकडा आला. द्यायचा का?" आता आमची रीत, एकेकाले इचारायचं. यानं म्हणलं हाव. तिनं म्हणलं हाव. एक बुढा झोपला होता, त्याले उठवलं. त्यानं इचारलं, कायचा आकडा? त्याले पयल्यापासून सांगतलं. तो हाव म्हणाला. शेवटी आत्या. आत्या म्हणाली, हाव.

भाऊ आत आले, ऐटीत आकडा वाचला. मी टाकला.

मुदत संपली.

"परत पाठव," दिनेश म्हणाला. परत पाठवला. टुंग. भाऊ उठले.

"भाऊ, कुठी चालले?"

"हा आकडा दुसरा हाये न. सहमती पयल्या आकड्यावर झाली."

मी डोकं टेबलावर ठेवलं. दिनेश एवढा हासला का खुर्चीवरून घसरला. हेल्मी भिंतीले टेकून उभी होती, तिले कोणीच काई सांगतलं नव्हतं, तरी तिच्या डोळ्यातून पाणी येत होतं हासून हासून.

दुसराबी गेला. तिसरा मांगतला त कम्प्युटरनं सांगतलं, लई वेळा झालं, आता थोडं थांबा. मले मात्र हासू येत नव्हतं. नागपूरहून सकाळीच निरोप आला होता, का अर्ज केल्याचा पुरावा आज दाखवला नाई त माल परतीच्या विमानात चढन. आज म्हणजे आजच. मी बाहेर जाऊन पायरीवर बसलो. चाकणची बस दिसाले लागली. पट्टा गळ्यात.

आत्या येऊन बाजूले बसली. शिदोरीतून भाकर देल्ली. "काऊन तोंड उतरलं?"

"आत्या, आकडा थांबत नाई. तो सभेची वाट पाहत नाई. आपण हाव म्हणतो तोपर्यंत मरून जाते. अन् आज गेला त मी गेलो."

"किती वेळ जगते?"

"एक भाकर खायाले लागते तेवढाबी नाई."

तिनं इचार केला. मंग उठली अन् लिंबाखाली जाऊन कमरेवर हात ठेवून उभी झाली. "ऐका रे! तेंदूच्या लिलावात बोली लागते तवा आपण काय करतो? तिथी एकेकाले इचारत बसतो का?"

"नाई," पोचू भाऊ म्हणाले. "आदल्या दिवशी बसून ठरवतो. एवढ्याच्या वर गेलं त द्यायचं. मंग तिथी मी एकटाच हाव म्हणतो."

"मंग आताच ठरवा. यानंतर जो कोणता आकडा येईन, त्या आकड्याले आपलं हाव. आकडा पाहायची गरज नाई."

"न पाहता कसं हाव म्हणायचं?" झोपलेल्या बुढ्यानं इचारलं. आता तो चांगला जागा झाला होता.

"तुह्यं लगन झालं तवा तू नवरी पाहिली होती का?"

"नाई."

"मंग?"

बुढा हाव म्हणाला. सगळे हाव म्हणाले. या वेळी कोणाले समजवा लागलं नाई.

कम्प्युटर मोकळा झाला. टुंग. पोचू भाऊनं बसल्या जागेवरून एवढ्या जोरात आकडा वाचला का समोरच्या पानठेल्यावरचे लोक वळून पाहाले लागले. मी टाकला. हिरवी खूण आली. खाली अर्जदाराचं नाव, ग्रामसभा येरमटोला. दिनेशनं त्याची पावती छापून देल्ली अन् झेरॉक्सचे पैसे घेतले नाईत. म्हणाला, एवढं हासणं मले कुठी भेटते?

पावती नागपूरले गेली. माल थांबला. काई दिवसानं दिल्लीची मंजुरी आली, अन् त्याच आठवड्यात सुकलूच्या पिकअपमध्ये फिनलंडचे डबे आले. आत्यानं प्रत्येक पेटीले हात लावून पाहिलं.

मंग माह्या पगाराची गोष्ट निघाली. हेल्मी कंपनीचं पत्र घेऊन बसली होती. त्यात माह्यं नाव, पद, सगळं. मी सही कराले पेन काढला. पोचू भाऊ म्हणाले, "थांब. प्रतिनिधी सभा हाये. म्हणजे काम सभेले भेटलं. कंपनी सभेले देईन. सभा ज्याले ठेवन तो काम करन."

मी पेन तसाच धरला. "अन् सभा कोणाले ठेवन?"

सगळे माह्याकडं पाहून चूप बसले. मुद्दाम. मले माहीत होतं मुद्दाम हाये, तरी मी एकेकाचं तोंड पाहत होतो. एकेकाले इचारलं. हाव. हाव. हाव. आत्यापाशी आलं. ती टोपल्यातले मोहाचे फुलं निवडत होती. निवडत राह्यली. एक फूल उचलून पाहिलं, बाजूले ठेवलं.

"आत्या, बोल न!"

"सकाळी लवकर उठन का?"

"उठीन!"

"मंग हाव."

आता मी सभेचा माणूस हावो. गळ्यात पट्टा नाई. साहेब एक होता तिथी घरटी एक झाला. डबे झाडावर हायेत, नाल्याच्या पलीकडच्या मोहाच्या झाडाईपर्यंत. बटनं बायकाईनंच ठरवली. एक, मी ठीक हाये. दुसरं, या. तिसरं, दवाखाना. तिसरं अजून कोणी दाबलं नाई, चांगलं हाये. ठाण्याचे दोन जवान येऊन पाहून गेले, मंजुरीचा फोटो काढला, अन् जाताना इचारलं का आमच्या चौकीवर एक भेटन का? सभेनं सांगतलं, अर्ज करा, पुढच्या बैठकीत ठेवू.

डबे लावल्यावरच्या पयल्या सकाळी मी एक डबा समोर ठेवून चहा पीत होतो. हेल्मी बाजूले बसून वही लिहीत होती. डब्याचा लाल दिवा लागला. या. नंबर आत्याच्या मोहावरच्या डब्याचा.

मी चहा टाकून पळालो. चप्पलबी नाई घातली. नाला ओलांडला, काटे लागले, वाटेत नाई नाई ते इचार आले. वाघ, साप, अस्वल. मोहापाशी पोहोचलो त आत्या आरामात बुंध्याले टेकून बसली होती. पुढं टोपलं, काठोकाठ भरलेलं.

"काय झालं? काय झालं आत्या?"

"टोपलं डोक्यावर चढवून दे. एकटीच्यानं उचलत नाई."

"याच्यासाठी दाबलं? हे काय माह्यं काम हाये का?"

"सभेत ठेवू," ती म्हणाली, अन् डोक्यावर चुंबळ ठेवून वाट पाहत उभी राह्यली.

मी टोपलं उचललं.